सिस्टरांचे हट्ट

१९५६ सालचा उन्हाळा. इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातलं रॉचफर्ड जनरल हॉस्पिटल. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा वॉर्ड सांभाळत होत्या सिस्टर जीन वॉर्ड. इन्क्युबेटरच्या कोंदट उबेपेक्षा मोकळी हवा आणि ऊन बाळांना जास्त मानवतं, असं त्यांचं ठाम मत. स्वच्छ ऊन पडलं की त्या या इवल्या जिवांना घेऊन हॉस्पिटलच्या अंगणात यायच्या. तो त्यांचा हट्टच होता म्हणा ना.

एकदा राउंडच्या वेळी त्यांनी जरा संकोचतच एक बाळ उघडं करून डॉक्टरांना दाखवलं. अंग फिकट पिवळं, पण एक त्रिकोणी भाग मात्र पिवळाजर्द. डॉक्टरांना वाटलं, सिस्टरांनी तिथे आयोडीनसारखं काहीतरी लावलं असणार. सिस्टरांचं म्हणणं वेगळंच होतं. बाळाला कावीळ होती, त्या त्रिकोणावर चादरीचं टोक आलं होतं, आणि बाकी अंगाला ऊन लागलं तिथली कावीळ उतरली होती!

पुढे त्याच रुग्णालयात कावीळ झालेल्या बाळाच्या रक्ताची एक नळी उन्हात राहून गेली. तपासली तेव्हा तिच्यातलं बिलिरुबिन अपेक्षेपेक्षा बरंच कमी निघालं. दोन्ही गोष्टींची सांगड घालून डॉ. रिचर्ड क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळांसाठी दिव्यांची चौकट बनवली आणि १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यावर निबंध लिहिला. फोटोथेरपीचा जन्म असा झाला.

बिलिरुबिन पाण्यात विरघळत नाही. ते बाहेर टाकण्यासाठी यकृताला त्याच्यावर प्रक्रिया करावी लागते, आणि नवजात बाळाचं यकृत त्या कामाला पुरतं तयार नसतं. ठरावीक निळ्या प्रकाशात मात्र बिलिरुबिनच्या रेणूचा आकारच बदलतो. नव्या आकारात तो पाण्यात विरघळतो आणि यकृताची वाट न पाहता पित्तातून, लघवीतून निघून जातो. आज आपल्याकडच्या नवजात शिशू विभागात डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या दिव्याखाली झोपवलेलं बाळ दिसतं, त्या उपचाराचं मूळ सिस्टर वॉर्ड यांच्या अंगणात आहे. (घरी कोवळ्या उन्हात ठेवणं हा मात्र त्या दिव्याला पर्याय नाही. बाळ पिवळं दिसलं तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं.)

ही गोष्ट कळल्यापासून कुठल्याही वॉर्डमध्ये गेलं की माझं लक्ष सिस्टरांच्या हट्टांकडे जातं. एकीला चादरीवर सुरकुती खपत नाही. दुसरी सलाईनचे थेंब घड्याळ लावून मोजते, मग पुन्हा मोजते. तिसरी प्रत्येक चिकटपट्टीवर तारीख आणि वेळ लिहिल्याशिवाय पुढच्या खाटेकडे वळत नाही. चौथीच्या ट्रेमधली वस्तू कोणी इकडची तिकडे केली तर तिला चैन पडत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला हे स्वभावाचे विशेष वाटतात. पण एकेक हट्ट उलगडत गेलं की खाली शरीरशास्त्र लागतं, भौतिकशास्त्र लागतं, आणि पिढ्यान्‌पिढ्यांनी रात्रपाळीत जमवलेलं शहाणपण लागतं.

चादरीची सुरकुती

खाटेपासून सुरुवात करू. नर्सिंगच्या विद्यार्थिनीला पहिल्या वर्षी जे शिकवतात त्यात खाट लावणं असतंच. चादर ताणून बसवायची, कोपरे ठरावीक पद्धतीने दुमडायचे, मॅकिन्टॉश (रबरी चादर) आणि त्यावरची आडवी ड्रॉ शीट अशी घालायची की रुग्ण कितीही हलला तरी चुणी पडू नये. एवढा आटापिटा एका सुरकुतीसाठी का?

आपल्या त्वचेतल्या सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांना केशवाहिन्या म्हणतात. त्यांच्या सुरुवातीच्या टोकाशी रक्ताचा दाब पाऱ्याच्या साधारण ३२ मिलिमीटर इतकाच असतो. दंडाला पट्टा बांधून मोजतात त्या १२०च्या मानाने तो किती कमी आहे पाहा. माकडहाड, टाचा, खुब्याची हाडं, डोक्याची मागची बाजू, इथे हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस थोडं असतं. पाण्याच्या नळीवर पाय दिला की पुढे पाणी जात नाही, तसं शरीराच्या वजनाखाली या वाहिन्या मिटतात आणि पुढच्या पेशींना रक्त मिळत नाही. निरोगी माणूस झोपेतही नकळत कूस बदलतो, त्यामुळे त्याला काही होत नाही. पण पक्षाघाताचा, बेशुद्ध किंवा अतिशय अशक्त रुग्ण हलूच शकत नाही. मग काही तासांत त्वचा लाल होते आणि दुर्लक्ष झालं तर हाडापर्यंत जाणारी जखम होते. यालाच बेडसोअर म्हणतात.

चादरीची सुरकुती, गादीवर पडलेला बिस्किटाचा चुरा, पाठीखाली विसरलेलं सुईचं टोपण, अंगाखाली आलेली लघवीची नळी, या साऱ्या गोष्टी सगळा दाब एका रेषेवर किंवा एका बिंदूवर आणतात. म्हणून तळहात फिरवून चादर चाचपणाऱ्या सिस्टर नुसती टापटीप पाहत नसतात. रुग्णाला वर सरकवताना त्या नातेवाइकांना बजावतात, 'ओढू नका, उचला!' त्यालाही कारण आहे. ओढताना कातडी चादरीला चिकटून राहते आणि आतलं हाड पुढे सरकतं. मधल्या रक्तवाहिन्या पिळवटल्या जातात. वरून कातडी धड दिसते, नुकसान आत झालेलं असतं.

डोरीन नॉर्टन या ब्रिटिश नर्सने हा प्रश्न धसास लावला. तोवर वॉर्डावॉर्डांत बेडसोअरवर नाना उपाय चालायचे, अगदी अंड्याचा पांढरा बलक लावून त्यावर ऑक्सिजन सोडण्यापर्यंत. नॉर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्ध रुग्णांचा पद्धतशीर अभ्यास करून १९६२ साली तो प्रसिद्ध केला. शारीरिक स्थिती, मनाची स्थिती, हालचाल, चालणं-फिरणं आणि मलमूत्रावरचा ताबा अशा पाच गोष्टींना गुण द्यायचे आणि कोणाला धोका जास्त आहे ते आधीच ओळखायचं, ही त्यांची मोजपट्टी आजही वापरात आहे. लेप आणि मलमं यांच्यापेक्षा रुग्णाची कूस वेळेवर बदलणं कितीतरी जास्त उपयोगी ठरतं, हे त्यातून स्पष्ट झालं.

हा हट्ट कुठवर जाऊ शकतो, याचं मोठं उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. परळच्या केईएम रुग्णालयातल्या नर्स अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हल्ला झाला आणि मेंदूला झालेल्या इजेमुळे त्या अंथरुणाला खिळल्या. १८ मे २०१५ला न्यूमोनियाने त्यांचा मृत्यू झाला. मधली एकेचाळीस वर्षं केईएमच्या नर्सनी त्यांना सांभाळलं. भरवणं, अंग पुसणं, कूस बदलणं, सगळं केलं. पहिल्या पिढीतल्या सिस्टर निवृत्त झाल्या आणि ज्यांनी अरुणाताईंना कधी चालता-बोलताना पाहिलंच नव्हतं अशा मुलींनी ते काम हाती घेतलं. त्यांच्या प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा ७ मार्च २०११चा निकाल वाचताना एका नोंदीपाशी मी थबकलो: इतक्या वर्षांत त्यांना एकही बेडसोअर झाला नव्हता. वैद्यकशास्त्र ज्यांना बरं करू शकलं नाही, त्यांची त्वचा चार दशकं शाबूत राहिली. यामागे कुठलंही महागडं यंत्र नव्हतं. पाळी बदलली तरी न बदललेला हट्ट होता.

मनगट धरून मोजलेला श्वास

सिस्टर नाडी पाहतात तेव्हा कधी बारकाईने बघा. मनगट धरलेलं असतं, नजर घड्याळावर असते. पंधरा-वीस सेकंद जातात, अर्धं मिनिट जातं, तरी हात सुटत नाही. नाडी मोजून झालेली असते. आता त्या श्वास मोजत असतात, आणि तसं तुम्हाला कळू नये म्हणून मनगट धरून ठेवतात.

कारण सुंदर आहे. नाडी, रक्तदाब, ताप यांवर आपला थेट ताबा चालत नाही. श्वास मात्र आपोआपही चालतो आणि आपल्या इच्छेनेही चालतो. 'तुमचा श्वास मोजते हं' असं म्हटलं की माणसाचं लक्ष श्वासाकडे जातं आणि त्याची लय बदलते. खरा आकडा हवा असेल तर रुग्णाला पत्ता लागू न देता मोजावा लागतो.

काही सिस्टर पूर्ण मिनिटभर श्वास मोजतात, घाई असली तरी. त्यामागचं गणित करून पाहा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर पाच श्वासांचे होतात २० आणि सहा श्वासांचे होतात २४. मोजण्यात एका श्वासाचा फरक पडला की निकालात चारचा फरक. आता ब्रिटनमध्ये २०१२पासून वापरात असलेला धोक्याच्या पूर्वसूचनेचा तक्ता घ्या. त्यात मिनिटाला १२ ते २० श्वास म्हणजे शून्य गुण, २१ ते २४ म्हणजे दोन गुण, २५ किंवा जास्त म्हणजे तीन. एका श्वासाच्या चुकीने माणूस 'ठीक' या रकान्यातून 'लक्ष ठेवा'मध्ये जातो, किंवा त्याच्या उलट. रक्तात आम्ल साचू लागलं, प्राणवायू कमी पडू लागला की मेंदूचा देठ आधी श्वासाचा वेग वाढवतो. रक्तदाब पुष्कळदा त्यानंतर, कधी काही तासांनी ढासळतो. मिनिटभर थांबण्याचा हट्ट म्हणजे ते तास पदरात पाडून घेणं.

थेंब आणि रंग

सलाईनचंही असंच. आपल्याकडच्या साध्या आयव्ही सेटमध्ये २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो. पाचशेची बाटली आठ तासांत द्यायची असेल तर मिनिटाला सुमारे २१ थेंब पडायला हवेत. मायक्रो सेटमध्ये ६० थेंबांचा एक मिलिलिटर होतो आणि एक गंमत घडते: मिनिटाला जितके थेंब, तितकेच तासाला मिलिलिटर. एका तासात मिनिटं साठ, एका मिलिलिटरमध्ये थेंबही साठ. आकडेमोडच उरत नाही. लहान मुलांच्या वॉर्डमध्ये हा सेट जीव की प्राण असतो.

सिस्टर थेंब पडतात त्या चेंबरपाशी डोळे नेऊन, ओठांतल्या ओठांत मोजत, नळीवरचं वेग बदलणारं चाक नखभर फिरवतात. रुग्ण कुशीवर वळला, त्याने हात दुमडला, बाटली रिकामी होत आली, की वेग बदलतो. म्हणून त्या पुन्हा येतात, पुन्हा मोजतात. हृदय कमकुवत असलेल्या माणसाला तेच पाणी भराभर गेलं तर फुप्फुसात उतरू शकतं. सलाईनमध्ये पोटॅशियम मिसळलेलं असेल तर वेग वाढल्यावर हृदयाचे ठोकेच बिघडू शकतात. पोटॅशियम क्लोराईडची छोटी बाटली इतर औषधांपासून दूर, वेगळ्या जागी ठेवण्याचा आणि तिच्यावरचं नाव दुसऱ्या सिस्टरकडून वाचून घेण्याचा आग्रह त्यासाठीच असतो.

शिरेत बसवायच्या नळ्यांचे, म्हणजे कॅन्युलांचे रंगही जगभर ठरलेले आहेत. वॉर्डमध्ये आकडा सहसा कोणी उच्चारत नाही. 'पिंक दे', 'ग्रीन टाक' एवढंच ऐकू येतं. पिवळी २४ नंबरची, निळी २२, गुलाबी २०, हिरवी १८, करडी १६. नंबर जितका लहान तितकी नळी जाड. रक्तस्राव होत असलेल्या रुग्णाला जाड कॅन्युलाच लावायची असा हट्ट धरणाऱ्या सिस्टरांच्या बाजूने भौतिकशास्त्र उभं असतं. नळीतला प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. बाकी सगळं तसंच ठेवून त्रिज्या दुप्पट केली तर प्रवाह सोळापट होतो. शीर शोधतानाही अनुभवी हात डोळ्यांपेक्षा बोटांवर भरवसा ठेवतात. निळी ठळक दिसणारी शीर पुष्कळदा दगा देते. बोटाखाली दबून पुन्हा उसळी घेणारी, न दिसणारी शीर कामी येते.

'काहीतरी बिनसलंय'

काही हट्ट असे असतात की त्यांचं कारण धरणारीलाही सांगता येत नाही. सगळे आकडे ठीक असतात आणि सिस्टर म्हणतात, 'डॉक्टर, एकदा येऊन बघा ना. मला हा पेशंट बरा वाटत नाहीये.'

अमेरिकेत संशोधक बेथ क्रँडॉल आणि सहकाऱ्यांनी नवजात अतिदक्षता विभागातल्या अनुभवी नर्सच्या मुलाखती घेतल्या. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला जंतुसंसर्ग झालाय हे तपासणीचा अहवाल येण्याआधीच त्या ओळखायच्या. कसं, हे विचारल्यावर सुरुवातीला त्यांना नीट सांगता येईना. एकेक प्रसंग खोदून विचारत गेल्यावर बारीकसारीक खुणांची यादीच तयार झाली. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या या कामातली थक्क करणारी बाब अशी की, त्यातल्या काही खुणा तोवर वैद्यकीय ग्रंथांत नव्हत्याच, आणि काही मोठ्या माणसांतल्या लक्षणांच्या अगदी उलट होत्या. पुस्तकात यायच्या आधी ते ज्ञान नर्सच्या नजरेत येऊन बसलं होतं.

ऑस्ट्रेलियात सिडनीच्या लिव्हरपूल हॉस्पिटलमध्ये १९९० साली तातडीने धावून जाणारं वैद्यकीय पथक सुरू झालं. अशा पथकांना बोलावण्याच्या निकषांत नाडी, श्वास, रक्तदाब यांच्या आकड्यांबरोबर आणखी एक निकष असतो: कर्मचाऱ्याला रुग्णाची गंभीर काळजी वाटणं. नर्सची काळजी हेच बोलावण्याला पुरेसं कारण मानलं गेलं.

आणि जॉय मिल्न यांची कथा तर विश्वास बसणार नाही अशी. या स्कॉटलंडच्या निवृत्त नर्स. त्यांचं नाक फार तीक्ष्ण. नवऱ्याच्या अंगाला वेगळाच वास येऊ लागल्याचं त्यांना जाणवलं, आणि त्यानंतर दहाहून अधिक वर्षांनी त्याला पार्किन्सन्स असल्याचं निदान झालं. पुढे पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या मेळाव्यात गेल्यावर तोच वास सगळीकडे आला. एडिंबरा विद्यापीठातले शास्त्रज्ञ टिलो कुनाथ यांनी त्यांची परीक्षा घेतली. सहा रुग्ण आणि सहा निरोगी माणसांनी घातलेले बारा टी-शर्ट हुंगायला दिले. सहाही रुग्ण त्यांनी बरोबर ओळखले, पण निरोगी गटातल्या एकालाही रुग्ण ठरवलं. चूक एकच. आठ महिन्यांनी त्या माणसाला पार्किन्सन्स असल्याचं निदान झालं! मग मँचेस्टरच्या रसायनशास्त्रज्ञ पर्डिटा बॅरन यांनी त्वचेवरच्या तेलकट स्रावात त्या वासाचे रेणू शोधले. २०१९ साली ते संशोधन प्रसिद्ध झालं.

कुठला हट्ट खरा?

म्हणून वॉर्डमधला प्रत्येक हट्ट शास्त्रीय ठरत नाही, आणि हे मोकळेपणाने सांगितलं पाहिजे. उशीच्या अभ्र्याचं उघडं तोंड दाराच्या विरुद्ध बाजूला हवं, असं आपल्याकडेही शिकवलं जातं. त्याने वॉर्ड नेटका दिसतो, रुग्णाच्या प्रकृतीवर परिणाम होत नाही. माकडहाडाशी लाल झालेली त्वचा स्पिरिट लावून चोळण्याचा प्रघात आपल्याकडे वर्षानुवर्षं होता. आता तशी जागा चोळू नये असं सांगितलं जातं, कारण आधीच दुखावलेल्या बारीक रक्तवाहिन्यांना त्याने आणखी इजा होते आणि स्पिरिटने कातडी कोरडी पडते. ज्या प्रेमाने तो हट्ट धरला जायचा त्याच प्रेमाने तो सोडावा लागला.

'आज वॉर्ड शांत आहे' असं म्हणायचं नाही, म्हटलं की पेशंटची रीघ लागते, हा समजही असाच. ब्रिटनमधल्या एका सूक्ष्मजीवशास्त्र विभागाने त्याचीही रीतसर चाचणी घेतली. काही दिवस ते वाक्य उच्चारायचं, काही दिवस नाही, आणि कुठला दिवस कसला हे यादृच्छिक पद्धतीने ठरवायचं. कामाच्या भारात फरक पडला नाही. २०१९च्या डिसेंबरमध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने तो निष्कर्ष छापला.

मग खरे हट्ट आणि नुसत्या सवयी यांत साम्य ते काय? माझ्या मते, दोन्हींचा उगम एकाच गरजेत आहे. सरकारी रुग्णालयात रात्रपाळीला एका सिस्टरकडे तीस-चाळीस रुग्ण असणं आपल्याला नवं नाही. इतक्या जिवांवर एकटीने सतत नजर ठेवणं कोणालाच शक्य नाही. पण चादर नेहमी तशीच, ट्रे नेहमी तसाच, पट्टीवर तारीख नेहमी त्याच कोपऱ्यात असली की जे बदललं तेच डोळ्यांत भरतं. कायम ठेवलेल्या गोष्टींमुळे बदललेली गोष्ट ओरडून लक्ष वेधते. सिस्टर वॉर्ड यांच्या नजरेत तो पिवळा त्रिकोण भरला, कारण एरवीचं बाळ कसं दिसतं हे त्यांना पाठ होतं.

तेव्हा घरचं माणूस दाखल असेल तर एवढं करा. सलाईनच्या चाकाला हात लावू नका. सिस्टर थेंब किंवा गोळ्या मोजत असतील तर दोन मिनिटं गप्प राहा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला घरी आणलं असेल तर त्याची कूस दर दोन तासांनी बदला, चादर हाताने सारखी करा, अंगाखाली काही राहिलं नाही ना ते पाहा. रुग्ण एरवी कसा बोलतो, कसा झोपतो हे तुम्हाला ठाऊक असतं. ते सिस्टरांना सांगा, त्यांच्या नजरेला त्याची जोड हवी असते. आणि त्या म्हणाल्या की 'मला आज यांचं काही बरं वाटत नाही', तर आकडे विचारत बसू नका. डॉक्टरांना ताबडतोब बोलावण्याचा आग्रह धरा.